'इनिशिएटिव्ह'ला काय म्हणता? आणि 'समाज' म्हणजे नक्की कोणता?

वेलांटी
एका मासिकासाठी अनुवाद करते आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेचा समाजावर काय परिणाम होतो, यावर परदेशात कोणकोणती संशोधनं उभी राहिली असा लेख आहे. स्टॅनफर्डचा शंभर वर्षांचा अभ्यास (२०१४), केंब्रिजचं लेव्हरह्यूम केंद्र (२०१६), केट क्रॉफर्ड आणि मेरेडिथ व्हिटेकर यांनी न्यूयॉर्क विद्यापीठात काढलेलं 'एआय नाऊ' (२०१७). त्याच वर्षी एमआयटीची मीडिया लॅब आणि हार्वर्डचं बर्कमन क्लाइन सेंटर यांना हाताशी धरून २.७ कोटी डॉलरचा एक निधी जाहीर झाला, त्याच्या तर नावातच 'इनिशिएटिव्ह' आहे.

मी शीर्षक दिलं : 'कृत्रिम बुद्धिमत्ता आणि समाज : संशोधन उपक्रमाचा शुभारंभ'. संपादकांनी पेन्सिलीने तीन गोल करून कागद परत पाठवला. 'उपक्रम'पाशी लिहिलंय, "शाळेतला वाटतो." 'शुभारंभ'पाशी, "नारळ कोणी फोडला?" आणि 'समाज'भोवती दोनदा गोल, शेजारी नुसतं प्रश्नचिन्ह. पहिले दोन कळले. तिसऱ्यात काय चुकलं? आणि मुख्य प्रश्न, इनिशिएटिव्हला काय म्हणायचं?

तळटीप
संपादकांना सांगा, चूक त्यांना वाटते त्याहून मोठी आहे. उपक्रम म्हणजेच आरंभ. ग्रंथाचं तात्पर्य कसं ओळखायचं याच्या सहा खुणा मीमांसकांनी, म्हणजे वेदवाक्यांचा अर्थ लावणाऱ्या शास्त्रकारांनी, दिल्यात, त्यात पहिली जोडी उपक्रम आणि उपसंहार. सुरुवात आणि शेवट. म्हणजे 'उपक्रमाचा शुभारंभ' हा पिवळा पितांबर झाला.

अर्धविराम
तळटीपकाका, आज महाराष्ट्रात कोणीही 'उपक्रम' हा शब्द 'आरंभ' या अर्थाने वापरत नाही. मूळ अर्थ धरून बसायचं तर पितांबर पिवळाच नेसावा लागेल.

डेपो_वडाळा
आमच्या घरी उपक्रम म्हणजे बेस्ट. बाबा कंडक्टर होते. १९४७ मध्ये महापालिकेने कंपनी ताब्यात घेतली आणि ती 'अंडरटेकिंग' झाली, त्याचं मराठी 'उपक्रम'. अजून पेपरात 'बेस्ट उपक्रमाचा तोटा' असाच मथळा येतो. लहानपणी शाळेच्या फळ्यावर 'या महिन्याचे उपक्रम' वाचलं की मला वाटायचं, कुठल्या डेपोचे?

वेलांटी
:) म्हणजे एकाच शब्दात अंडरटेकिंगही आणि इनिशिएटिव्हही. वर शाळेतलं वृक्षारोपण.

जुनाजाणता
'पुढाकार' हा उत्तम शब्द असताना कुंथायचं कशाला? आणि शुभारंभ नको असेल तर 'मुहूर्तमेढ रोवली' म्हणा.

अर्धविराम
पुढाकार हा माणसाचा गुण आहे, काका. 'तिने पुढाकार घेतला' हे ठीक. 'पुढाकाराला २.७ कोटी डॉलर मिळाले' हे म्हणून बघा. आणि ज्यांना नारळ चालत नाही त्यांना मांडवाचा खांब कसा चालेल?

खिल्लारी
मेढ मांडवाची नंतर, आधी खळ्यातली. आज्याच्या खळ्यात मधोमध मेढ असायची. खळं शेणाने सारवायचं, कणसं पसरायची, मेढीला बैलांची पात बांधून गोल फिरवायची. मेढीलगत म्हातारा बैल जुपायचा, कारण त्याला कमी चालावं लागतं. कडेच्याला सगळ्यात जास्त रपेट. मोठ्या संस्थांचंही असंच असतंय बघा, मधला जागेवर फिरतोय आणि कडेचा धापा टाकतोय.

जुनाजाणता
खळ्यातल्या खांबाला तिवडा म्हणतात. मेढ वेगळी.

खिल्लारी
तुमच्याकडं तिवडा. आमच्याकडं मेढच.

तळटीप
दोघेही बरोबर. संस्कृतात 'मेथि' किंवा 'मेढि' म्हणजे बैल बांधायचा खळ्यातला खांबच. खिल्लारींच्या आजोबांनी शब्द नीट सांभाळला.

अवांतर : शंभर वर्षं चालणाऱ्या अभ्यासाला खरा शब्द 'सत्र'. वैदिक काळी दीर्घ यज्ञाला सत्र म्हणत.

अर्धविराम
आणि विद्यार्थी विचारतील, पहिलं की दुसरं? एटीकेटी आहे का?

बेएरियाकर
मी स्टॅनफर्डपासून वीस मिनिटांवर राहतो, म्हणून दोन शब्द. मायक्रोसॉफ्टचे संशोधक एरिक हॉर्विट्झ आणि त्यांच्या पत्नीने दिलेल्या देणगीतून तो अभ्यास सुरू झाला. दर पाच वर्षांनी तज्ज्ञांची नवी समिती आणि नवा अहवाल, असं शंभर वर्षं. पहिला २०१६ ला आला, दुसरा २०२१ ला. मला याला 'वसा' म्हणावंसं वाटतं. उतणार नाही, मातणार नाही, घेतला वसा टाकणार नाही!

'संशोधन'बद्दलही सावध. माझ्या लखनौच्या मित्राला 'संशोधन उपक्रम' वाचून दाखवलं तर म्हणाला, किस कानून का संशोधन? त्यांच्याकडे संशोधन म्हणजे दुरुस्ती. आपण जिला घटनादुरुस्ती म्हणतो ते त्यांचं संविधान संशोधन.

जुनाजाणता
हिंदीवाल्यांना काय वाटेल यावर मराठी ठरवायची का?

बेएरियाकर
तसं नाही म्हटलं, काका. हलकेच घ्या.

वेलांटी
वसा आवडला, पण संपादक पेन्सिल सोडून लाल पेन काढतील. समाजाचं कोणीच बोलत नाहीये.

अर्धविराम
वेलांटी, मी वीस वर्षं प्रुफं तपासतो, त्या प्रश्नचिन्हाचा अर्थ सांगतो. मराठीत 'समाज' एकटा आला की वाचणारा पुढच्या क्षणी विचारतो, कोणता? मराठा समाज, धनगर समाज, माळी समाज. 'समाजाचा मेळावा' म्हणजे वधू-वर. 'समाजाचा नेता' म्हणजे कोणाचा ते आडनावावरून कळतं. तुमचं शीर्षक वाचून एखाद्याला वाटेल, कृत्रिम बुद्धिमत्तेने आमच्या समाजासाठी काय केलं?

डेपो_वडाळा
हा प्रश्न वाईट आहे का पण? कर्ज कोणाला द्यायचं, नोकरीसाठी कोणाचा अर्ज बाजूला काढायचा हे यंत्र ठरवणार असेल, तर 'कोणता समाज' हेच आधी विचारायला हवं. मला वाटतं, मराठी शब्द इंग्रजीपेक्षा जास्त खरं बोलतोय.

अर्धविराम
हे मान्य. पण मासिकाच्या शीर्षकात नको.

तळटीप
जुन्या भाषेत समाज म्हणजे नुसता जमाव, जत्रा. अशोकाने गिरनारच्या खडकावर कोरून ठेवलंय की समाज भरवू नयेत, त्यात फार दोष दिसतात. मग एकोणिसाव्या शतकात समाज म्हणजे संस्था झाली. प्रार्थना समाज १८६७, सत्यशोधक समाज १८७३. आज तुम्ही म्हणता तो अवघ्या माणसांचा समाज, हा सगळ्यात धाकटा अर्थ.

खिल्लारी
मग सोसायटीच म्हणा की.

अर्धविराम
सोसायटी गावात पीककर्ज देते आणि शहरात पार्किंगवरून भांडते.

खिल्लारी
एक राहिलं. तुम्ही सगळे एआय एआय करताय. आमच्याकडं एआय लई जुनं. गाय माजावर आली की डॉक्टरला फोन, "एआय करायचंय, या." तो मोटारसायकलला नायट्रोजनचं भांडं बांधून येतो, कोपरापर्यंत हातमोजा चढवतो. कृत्रिम रेतन! उरुळी कांचनला मणिभाई देसाईंनी १९६७ ला बाएफ ही संस्था काढली, तिथनं ते दारोदार पोचलं. परवा कृषीवाला म्हणाला एआयचा ऊस लावा. आई म्हणाली, उसाला पण?

वेलांटी
खिल्लारीदादा, चहा सांडला माझा!

बेएरियाकर
फुटलो. पण ते एआय आणि हे एआय, दोन्हींत 'कृत्रिम' आहेच.

जुनाजाणता
म्हणूनच मी म्हणतो, 'कृत्रिम बुद्धिमत्ता' हे भाषांतरच सदोष. कृत्रिम म्हणजे खोटं, कृत्रिम रेशीम असतं तसं. 'यंत्रप्रज्ञा' म्हणा. संगणकशास्त्रज्ञ जॉन मॅकार्थी आणि मंडळींनी १९५५ साली डार्टमथच्या प्रस्तावात इंग्रजी नाव घातलं म्हणून आपण शब्दाला शब्द ठेवायलाच हवा असं नाही.

डेपो_वडाळा
प्रज्ञा नको, काका. आमच्या घरी प्रज्ञा, शील, करुणा एका दमात म्हणतात. यंत्राला प्रज्ञा दिलीत, तर शील आणि करुणा कुठून आणणार?

जुनाजाणता
शब्दावर कोणा एकाची मालकी नसते. स्थितप्रज्ञ गीतेतही आहे.

डेपो_वडाळा
मालकी म्हटलंच नाही मी. पण शब्द कुठून चालत आला ते तळटीपकाकांनी सांगितलं की ती व्युत्पत्ती, आणि मी सांगितलं की मालकी?

तळटीप
डेपोंचा मुद्दा रास्त आहे. 'मत्ता' म्हणजे धन, असंही काही जण फोडतात, बुद्धीची मत्ता. ते चूक. तिथे मतुप् ('असलेला' या अर्थाचा) प्रत्यय आहे : बुद्धिमत्, बुद्धिमत्ता.

अर्धविराम
मूळ प्रश्नाकडे येऊ का? वेलांटी, नामाचा हट्ट सोड. मराठी क्रियापदावर चालते. 'संशोधन हाती घेतलं' म्हण. इनिशिएटिव्ह, लॉन्च, दोन्ही त्यात आले. नारळही नाही, मेढही नाही.

वेलांटी
मजकुरात नेमकं हेच केलंय, अकरा ठिकाणी 'हाती घेतलं' आहे. पण त्या २.७ कोटी डॉलरच्या निधीच्या नावाचं काय? 'कृत्रिम बुद्धिमत्तेची नीती आणि नियमन' यापुढे नाम लागतंच. 'हाती घेतलेलं' असं पाटीवर लिहिता येत नाही.

बेएरियाकर
नाव आहे ना? तसंच ठेवा, देवनागरीत. इनिशिएटिव्ह.

जुनाजाणता
मग अनुवाद कशाला करता? सगळाच लेख देवनागरीत उतरवा.

वेलांटी
काका, उद्या दुपारी फाइल द्यायची आहे. तूर्त 'संशोधन उपक्रम' ठेवलाय, शुभारंभ काढला. 'समाज'च्या जागी 'लोकजीवन' लिहून पाहिलं, तर लोकसाहित्य संमेलनाची पत्रिका वाटायला लागली. पुन्हा समाजच केला.

डेपो_वडाळा
ठेवा. विचारू देत कोणता ते.

खिल्लारी
आईला आत्ता विचारलं. ती म्हणते तिच्या माहेरी, माणदेशात, तिवडाच म्हणायचे. मेढ सासरी आल्यावर शिकली.

जुनाजाणता
मी काय सांगत होतो!