मदत हवी आहे: डी-मॅनोजमध्ये अल्फा रूप अधिक का?

अल्फा आणि बीटा ही साखरेच्या वलयाची दोन रूपे, पहिल्या कार्बनवरील हायड्रॉक्सिल गटाच्या दिशेने वेगळी ठरणारी. अल्फा-डी-ग्लुकोज पाण्यात विरघळवल्यावर त्याचे विशिष्ट वलन (ध्रुवित प्रकाशाचे प्रतल फिरवण्याचे माप) सुमारे +112 अंशांवरून हळूहळू +52.7 अंशांवर स्थिरावते, तेव्हा द्रावणात सुमारे 36 टक्के अल्फा आणि 64 टक्के बीटा रूप असते. बीटा रूपात खुर्चीसारख्या वलयावरचे सर्व मोठे गट विषुववृत्तीय (वलयाच्या कडेने बाहेर वळलेले) असतात, हे कारण मला पटते. मात्र डी-मॅनोज या साखरेत ग्लुकोजच्या तुलनेत केवळ दुसऱ्या कार्बनवरील हायड्रॉक्सिल गटाची दिशा उलटी असूनही सुमारे दोन तृतीयांश रेणू अल्फा रूपात राहतात. ॲनोमेरिक परिणाम (पहिल्या कार्बनवरील ऑक्सिजन गटाचा अक्षीय, म्हणजे वलयाला उभा, राहण्याकडे कल) हे कारण मानावे, तर तो ग्लुकोजलाही लागू होतो, आणि इथेच माझे अडते. दुसऱ्या कार्बनवरील अक्षीय गट बीटा-मॅनोजमध्ये पहिल्या कार्बनच्या दोन्ही ऑक्सिजनांच्या मधोमध येतो, हे प्रतिकृती जुळवून पाहताना दिसले. अस्थिरतेचे मूळ तेच का? न्यूमन प्रक्षेप (कार्बन-कार्बन बंधाच्या रेषेत पाहून काढलेली आकृती) काढून कुणी समजावल्यास फार उपकार होतील.