ब्रेलची गरज संपलेली नाही
स्क्रीन रीडर (संगणक किंवा मोबाइलच्या पडद्यावरील मजकूर वाचून दाखवणारी प्रणाली) आणि ध्वनिपुस्तके आल्यामुळे दृष्टिहीन विद्यार्थ्यांना ब्रेल शिकवण्याची गरज उरली नाही, हे मत मला पटत नाही. कथा ऐकून समजते. परंतु शुद्धलेखन आणि विशेषतः गणितातील मांडणी नुसती ऐकून पक्की होणे फार कठीण असते, कारण लांबलचक समीकरणात कंस कुठे उघडला आणि कुठे बंद झाला, हे विद्यार्थ्याला पुन्हा पुन्हा मागे जाऊन तपासावे लागते. जन्मांध गणितज्ञ अब्राहम नेमेथ यांनी गणितासाठी स्वतंत्र ब्रेल संकेतप्रणाली घडवली आणि ती १९५२ मध्ये प्रसिद्ध झाली. गुण कमी पडल्यावर दृष्टिहीन मुलाच्या बुद्धीविषयी शंका घेतली जाते, याचे मला वाईट वाटते. ब्रेलमधील पुस्तक व स्पर्शाने वाचता येणाऱ्या आकृत्या त्याला इतरांबरोबरच मिळाल्या होत्या का, हे आधी पाहावे.