हवा आणि पाण्यापासून पेट्रोल: १ लिटरचा हिशोब आणि छोट्या संयंत्राबद्दल तीन शंका

कार्बनचक्र:
हवेतला कार्बन डायऑक्साइड आणि पाण्यातला हायड्रोजन वापरून द्रव इंधन करणारं, प्रयोगशाळेत मावेल असं संयंत्र कागदावर मांडतोय. तीन ठिकाणी अडलंय. १ लिटर पेट्रोलमागे हवा, पाणी, वीज किती धरायची? फिशर-ट्रॉप्श (कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजनपासून थेट द्रव इंधन) घ्यावं की आधी मेथॅनॉल करून त्याचं पेट्रोल? आणि कॉस्टिक सोडा कार्बन डायऑक्साइड इतका पटकन शोषतो, तरी बरेच जण अमाइनच्या (कार्बन डायऑक्साइड धरून ठेवणारी नायट्रोजनयुक्त संयुगं) मागे का?

मोलमोजणी:
पहिल्याचं उत्तर. १ लिटर पेट्रोल साधारण ७४० ग्रॅम. एका कार्बनला दोन हायड्रोजन असं धरलं तर त्याला २.३ किलो कार्बन डायऑक्साइड लागतो. घनमीटरभर हवेत तो जेमतेम पाऊण ग्रॅम. सगळा पकडला तरी ३,००० घनमीटर हवा. दोन तृतीयांशच हाती लागला तर ४,५००.

हायड्रोजन ३२० ग्रॅम, म्हणजे २.८५ लिटर पाणी. यातलं दोन तृतीयांश पाणी अभिक्रियेतून परत मिळतं, पण मेथॅनॉलचा मार्ग घेतला तर त्यात मेथॅनॉलचे अंश असतात. शुद्ध न करता इलेक्ट्रोलायझरला (विजेने पाण्यातून हायड्रोजन काढणारं यंत्र) दिलंत तर त्याचा स्टॅक, म्हणजे आतली विद्युतघटांची चळत, खराब होईल.

वीज: किलोभर हायड्रोजनला ५० ते ५५ युनिट, म्हणजे इथेच १६-१७. कार्बन डायऑक्साइड पकडून सोडवायला ४ ते ६, बहुतेक उष्णतेच्या रूपात. कॉम्प्रेसर वेगळा. हाती येणाऱ्या लिटरात ऊर्जा साधारण ९ युनिट. आणि हे एकही अणू वाया न जाता. मेथॅनॉलचं पेट्रोल करताना काही भाग एलपीजी आणि हलक्या वायूंत जातो, तेव्हा सगळे आकडे किमान पाव पटीने वाढवा.

तांबेजस्त:
मेथॅनॉलच घ्या. फिशर-ट्रॉप्शला कार्बन मोनॉक्साइड हवा. तो करायचा तर ८००-९०० अंशांची वेगळी भट्टी. तापमान कमी ठेवलं की मिथेन होतो. शिवाय शेवटी मेणापासून वायूपर्यंत सगळं मिसळून निघतं, ते वेगळं करत बसा.

मेथॅनॉलला तांबे-जस्त-अॅल्युमिना उत्प्रेरक, २२० ते २६० अंश, ५० ते ८० बार (हवेच्या दाबाच्या साधारण तितक्या पट) दाब, हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड ३:१. एका फेरीत पाचवा हिस्सा बदलला तरी खूप. थंड करून द्रव काढायचा, उरलेला वायू परत फिरवायचा. द्रवात वजनाने ६४ टक्के मेथॅनॉल, बाकी पाणी.

उत्प्रेरक पहिल्यांदा जागवताना, म्हणजे त्यातल्या कॉपर ऑक्साइडचं तांबं करताना, नायट्रोजनमध्ये एक-दोन टक्के हायड्रोजनच द्या आणि तापमान हळूहळू चढवा. एकदम शुद्ध हायड्रोजन सोडलात तर कॉपर ऑक्साइड इतकं तापतं की तांब्याचे कण एकमेकांना चिकटतात, आणि मेला तो. ३०० अंशांच्या वर कधीच नको. जागवलेला उत्प्रेरक उघड्या हवेतही काढू नका, तापून लाल होईल.

कार्बनचक्र:
फेरी बंद ठेवली तर दाब टिकेल, पण काही तासांनी उत्पादन घसरेल असं गणितात दिसतंय. का?

तांबेजस्त:
नायट्रोजन. कार्बन डायऑक्साइडबरोबर उरलीसुरली हवा आत येते. ती अभिक्रिया करत नाही, फक्त साचते. थोडा वायू सतत बाहेर सोडावाच लागतो, आणि त्याबरोबर महागाचा हायड्रोजनही जातो. म्हणून पकडतानाच हवा नीट उपसा. इलेक्ट्रोलायझरच्या हायड्रोजनमधला ऑक्सिजनही पॅलेडियम उत्प्रेरक भरलेल्या नळीत काढून टाका.

चुनखडी:
आता कॉस्टिक सोड्याचं. शोषणं सोपंच आहे, गोची तो वायू परत सोडवताना. सोडियम कार्बोनेट तापवून सहजी फुटत नाही. त्यात विझवलेला चुना घालून कॅल्शियम कार्बोनेट करायचं आणि ते ९०० अंशांना भाजायचं. भट्टी आली, चुन्याची पूड आली. घन अमाइन मात्र निर्वात करून ८०-१०० अंशांवर वायू सोडतं. पण आधी हवा उपसा, मग तापवा. क्रम उलटला तर गरम अमाइनला ऑक्सिजन खातो.

आणि पंखा विसरू नका. ४,५०० घनमीटर हवा १०० पास्कल दाबफरकावर ढकलायला, पंख्याची कार्यक्षमता निम्मी धरून, पाव युनिट लागतं. अमाइनच्या गोळ्यांनी ठासून भरलेल्या उंच नळीत तोच फरक १,००० पास्कल होतो आणि अडीच युनिट नुसती फुंकण्यात जातात. थर रुंद आणि उथळ ठेवा.