चिपाडापासून झायलिटॉल, बेकरीचं यीस्ट चालत नाही का?

माळशिरसकर: नमस्कार मंडळी. चुलत्यांचं गुऱ्हाळ आहे, चुलवाणात घालून पण चिपाड ढीगभर उरतं. वडलांना शुगर, आयुष्यभर ऊस पिकवला आन आता चहा बिनसाखरेचा, बघवत नाही ओ. कुठंतरी वाचलं की चिपाड यीस्टनं आंबवून झायलिटॉल, म्हणजे साखरेऐवजी वापरायचा गोड पदार्थ, बनवतात, म्हणून बेकरीचं यीस्ट आणून ड्रममध्ये चिपाड भिजवलं, आठ दिवस झाले, नुसता आंबूस वास, गोडी काहीच नाही. कुठं चुकलं?

लॅबवाली_सोलापूर: दादा, आधीची पायरीच राहिली आणि यीस्टपण चुकलं. चिपाडाचा साधारण पाव भाग हेमिसेल्युलोज असतं, झायलोज नावाची साखर त्यात बांधलेली असते, नुसत्या पाण्यात सुटत नाही. पातळ सल्फ्युरिक ॲसिडमध्ये १२० डिग्रीच्या आसपास प्रेशरखाली शिजवावं लागतं. त्यात फुरफुरल, ॲसेटिक ॲसिड असलं पण तयार होतं, त्यानं यीस्ट मरगळतं, म्हणून चुना आणि कोळसा वापरून पाणी साफ करतात. आणि बेकरीचं यीस्ट झायलोज खातच नाही, तुमच्या ड्रममध्ये राहिलेला रस तेवढा खाल्ला त्यानं. इथं कँडिडा ट्रॉपिकॅलिस नावाचं वेगळं यीस्ट लागतं. हवा मोजून कमी दिली तर ते झायलोजचं झायलिटॉल करून सोडून देतं, हवा जास्त झाली की स्वतःच्या वाढीला वापरतं. पण हेच यीस्ट अशक्त माणसाला इन्फेक्शन करतं, शुगरचा पेशंट असलेल्या घरात हा प्रयोग अजिबात नको, कळकळीनं सांगते.

बॉयलर_हाऊस: मी साखर कारखान्यात को-जनला, म्हणजे वीज बनवायच्या विभागात आहे. आमचं बगॅस, म्हणजे चिपाडच, सगळं बॉयलरला, वीज होते. पण गुवाहाटी आयआयटीनं २०२२ ला बगॅसवरच हे काम दाखवलं, आंबवताना अल्ट्रासाऊंड दिला आणि ४८ तासांचं काम १५ तासांत आलं. बाजारातलं झायलिटॉल जास्त करून अजून निकेल वापरून हायड्रोजन देऊनच बनतं, यीस्टची पद्धत आपल्या भागात आली तर किती बरं होईल, कच्चा माल तर दारात पडलाय.

माळशिरसकर: ताई, ड्रम आजच ओततो. मग विकतचं द्यायला चालेल का वडलांना?

लॅबवाली_सोलापूर: डॉक्टरांना विचारून, थोडंच. साखरेएवढंच गोड, ग्रॅमला २.४ कॅलरी, साखरेत ४, म्हणजे शून्य नाही. जास्त खाल्लं की जुलाब लागतात. आणि वस्तीवर कुत्रं असेल तर डबा वर ठेवा, त्याला हे विष आहे, थोडंसंपण.

माळशिरसकर: आहे ना, मोती. वडील चहात बुडवून बिस्कीट त्यालाच देतात आधी. बरं सांगितलं, आजच घरी सांगतो.