ग्रेस केलीला आयरिश म्हणावं का?

मृण्मयी
ग्रेस केली जन्मली 1929 मध्ये फिलाडेल्फियात, नाव काढलं हॉलिवूडमध्ये, 1956 ला लग्न करून गेली मोनॅकोला. आयर्लंडमध्ये कधी राहिली नाही. तरीही मी तिला आयरिश म्हणेन, आणि ते आडनावामुळे नाही. आजोबा मेयो परगण्यातल्या न्यूपोर्टजवळचे. 1961 च्या दौऱ्यात ती वाट वाकडी करून ड्रिमुर्लाच्या त्या जुन्या घरी गेली, तिथे राहणाऱ्या बाईंच्या हातचा चहा प्यायली. 1976 मध्ये ते घर विकतच घेतलं. नुसतं मिरवायचं असतं तर एवढं कोण करतं?

सुहास_प
असहमत. आईचं काय? मार्गारेट मेजर जर्मन घराण्यातली. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात मुलींच्या संघांना शिकवणारी पहिली बाई! तिच्या माहेरचं गाव या धाग्यावर कुणाला ठाऊक आहे? आपल्या कुलवृत्तांतासारखंच झालं हे: लेकी सासरी गेल्या की त्यांची शाखा तिथेच संपली.

मृण्मयी
मुद्दा रास्त आहे. पण आईकडचं दुर्लक्षित राहिलं म्हणून वडिलांकडचं खोटं ठरत नाही.

कोरडवाहू
मला यातला प्रसिद्धीचा भाग खटकतो. आयर्लंड सरकारने 2011 मध्ये वारसा प्रमाणपत्र काढलं: पूर्वजाचा पुरावा द्या, पैसे भरा, प्रमाणपत्र घ्या. 2013 मध्ये टॉम क्रूझला ते डब्लिनमध्ये समारंभाने दिलं. लोकांनी मात्र पाठ फिरवली आणि 2015 मध्ये योजना गुंडाळली. 1845 पासून बटाट्याचं पीक कुजत गेलं, दहा लाखांच्या आसपास माणसं मेली, निदान तितकीच देश सोडून गेली. मेयोने तर फार सोसलं. त्या बोटींतून गेलेल्या मजुरांच्या नातवंडांसाठी कुणी समारंभ केला?

अनघा मालवण
कायदा तरी भेदभाव करत नाही. आजी किंवा आजोबा आयर्लंडमध्ये जन्मलेले असतील तर नातवंडाला नाव नोंदवून नागरिक होता येतं, मग ते नट असो की गवंडी. आणि आपण काय वेगळं करतो? लिओ वराडकर 2017 मध्ये आयर्लंडचे पंतप्रधान झाले तेव्हा आमच्या तालुक्यातल्या वराडला केवढा आनंद! जन्म डब्लिनचा, आई आयरिश. तरी 2019 च्या अखेरीस घरच्यांसोबत आले तेव्हा गावाने त्यांना आपलाच माणूस मानलं.

सुहास_प
त्यांचे वडील स्वतः मुंबईहून गेलेले. इथे आजोबांपर्यंत मागे जावं लागतं, फरक आहे.

मृण्मयी
म्हणूनच ग्रेसची ओढ मला मोठी वाटते. वडील जॅक केलीसुद्धा फिलाडेल्फियातच जन्मले, नौकानयनात अमेरिकेसाठी तीन ऑलिंपिक सुवर्णपदकं जिंकली. तरी त्यांच्या लेकीने आयरिश पुस्तकं आणि गाण्यांच्या छापील स्वरलिपी जमवल्या. ती 1982 मध्ये गेली. दोन वर्षांनी त्याच संग्रहावर मोनॅकोत आयरिश ग्रंथालय उभं राहिलं.

सुहास_प
संग्रहाचं मानलं. मेयोवाल्यांनी तिला खुशाल आपली म्हणावं. पण तिच्यावर लिहिणाऱ्यांनी मेजर घराण्यालाही केलींइतकीच पानं द्यावीत, ही माझी मागणी कायम आहे.