'ऑप्टिकल स्विचिंग'मधल्या स्विचला मराठीत काय म्हणावं?

कोरा कागद : पुन्हा लिहिता येणाऱ्या डीव्हीडीवरचा लेख मराठीत करतेय. 'थिन फिल्ममधलं ऑप्टिकल स्विचिंग' इथे गाडी अडलीय. 'तनुपटलातील प्रकाशीय स्विचन' लिहिलं, पण मलाच कळेना. 'पातळ' म्हटलं तर आधी आमटी आठवते, मग आजीचं लुगडं.

उंटावरचा शहाणा : आत घडतं काय ते बघा, शब्द मागून येईल. जर्मेनियम, अँटिमनी, टेल्युरियमचा केसाहून हजारो पटींनी पातळ थर. लेझरचा जोरदार पण क्षणभराचा झोत पडला की ठिपका वितळतो आणि लगेच गारठतो. अणूंना रांग लावायला वेळच मिळत नाही, ही अस्फटिकी अवस्था. मध्यम झोत जरा जास्त वेळ दिला की रांग लागते. रांगेतला ठिपका जास्त चकाकतो, त्या फरकावरून माहिती वाचायची.

पाकसिद्धी : म्हणजे साखरेचा पाक! सावकाश निवला तर खडीसाखर, झटकन थंड केला तर काचेसारखी गोळी.

उंटावरचा शहाणा : तेच, फक्त इथे गोळीची परत खडीसाखर होते आणि खडीसाखरेची गोळी. १९६८ साली अमेरिकेत स्टॅनफर्ड ओव्हशिन्स्की यांनी (कॉलेजची पदवीही नव्हती त्यांच्याकडे) अशा थरांतलं जे स्विचिंग मांडलं ते विजेचं होतं. ठरावीक व्होल्टेजला थर एकदम वीज वाहू देतो. तिथे 'खटका' शोभतो. प्रकाशाच्या बाबतीत मला 'पालट' बरा वाटतो.

कोरा कागद : मग 'प्रकाशीय पालट'?

उंटावरचा शहाणा : नको. फायबरच्या जाळ्यातही ऑप्टिकल स्विचिंग असतं, तिथे प्रकाशाचीच वाट बदलतात. रेल्वेत सांधा बदलतात तसं, म्हणून तिथे 'सांधेबदल'. इथे प्रकाश करणारा आहे, बदलतो तो थर. मराठीला विभक्ती आहे, वापरा की : 'प्रकाशाने पालट'.

पाकसिद्धी : आणि फिल्मला 'पापुद्रा'?

उंटावरचा शहाणा : पापुद्रा सुटतो हो! हा सुटला तर चकती कचऱ्यात. 'थर' पुरे.

कोरा कागद : 'हाय डेन्सिटी'ला 'उच्च घनता' लिहिलं होतं, पण घनता म्हटलं की वजन डोळ्यांसमोर येतं. सीडीच्या लेझरची तरंगलांबी ७८० नॅनोमीटर, डीव्हीडीनंतर आलेल्या ब्लू-रे चकतीची ४०५. त्यामुळे ठिपके बारीक, ओळी जवळजवळ, आणि ७०० मेगाबाइटच्या जागी एका थरात २५ गिगाबाइट. ही तर दाटीच. 'दाट साठवण' करते. संपादकांनी 'उच्च घनता' परत घातली तर कळवीन.