'प्रोजेक्ट संपला' म्हणजे नक्की काय संपलं?

बारक्या कोडर

गेल्या नवरात्रातली गोष्ट. एका सहकारी ग्राहक भांडाराचा फोन आला. नाव-गाव सांगत नाही. २०१८ साली आम्ही पाच जणांनी त्यांचं बिलिंग सॉफ्टवेअर लिहिलं होतं. नारळ फुटला, पेढे झाले, हस्तांतराच्या कागदावर सह्या झाल्या आणि पाच जण पाच दिशांना पांगलो. कंपनीच्या दफ्तरी प्रोजेक्ट 'क्लोज्ड'.

२२ सप्टेंबर २०२५ ला, घटस्थापनेच्या दिवशी, जीएसटीचे नवे दर लागू झाले. घोषणा ३ सप्टेंबरची, म्हणजे हातात जेमतेम अडीच आठवडे. भांडारातल्या मुलाने स्वतःच आयटम मास्टर, म्हणजे वस्तू आणि दरांची मूळ यादी, उघडून शाम्पूचे १८ टक्के खोडले, ५ टाकले. झालं काम. दोन दिवसांनी एक बाई आधी घेतलेली बाटली परत करायला आल्या. बिल २३६ रुपयांचं: २०० किंमत, ३६ कर. स्क्रीन म्हणते, २१० द्या. बाई म्हणतात, मी २३६ मोजलेत. २६ रुपयांवरून काउंटरवर तमाशा.

कारण साधं होतं. आम्ही कराचा दर बिलाच्या ओळीत साठवलाच नव्हता. बिलात वस्तूचा कोड, नग आणि करापूर्वीची किंमत. कर दरवेळी मास्टरमधून वाचायचा. एकच माहिती दोन ठिकाणी ठेवू नये हे कॉलेजात घोकलं होतं ना! त्यामुळे त्या मुलाने दर बदलला त्या क्षणी सात वर्षांची सगळी जुनी बिलं बदलली. कुणालाही न कळता.

तेव्हापासून डोक्यात एकच घोळतंय. सॉफ्टवेअर हे विरजणासारखं आहे. रोज थोडं बाजूला काढायचं, रोज लावायचं. चार दिवस गावाला गेलात की शेजाऱ्यांकडे वाटी घेऊन जावं लागतं. आपण मात्र ते लग्नाच्या पंगतीसारखं करतो: आचारी आले, जेवणं उठली, भांडी घासली, आचारी गेले. 'प्रोजेक्ट' हा शब्दच मोडीत काढावा असं माझं मत झालंय. बोला.

छापखानावाले, कराड

बोलतो की. माझ्या वडिलांनी घेतलेलं ट्रेडल मशीन अजून लग्नपत्रिका छापतंय. कुणी दर महिन्याला येऊन त्याचं 'नवं व्हर्जन' बसवत नाही.

तुमचं हे विरजण म्हणजे दर वर्षी पावती फाडायचा नवा बहाणा आहे, राव. पूर्वी सॉफ्टवेअरची सीडी एकदा विकत घ्यायचो, संपला विषय. आता वर्गणी. वर्गणी थांबली की माझ्याच फायली मला उघडता येत नाहीत. आणि १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला म्हणून दोन धडधाकट संगणक बदला म्हणून सल्ले येताहेत. त्यांना झालंय काय? काही नाही!

मी उलट म्हणतो: चांगलं सॉफ्टवेअर म्हणजे मुरलेलं लोणचं. बरणी नीट भरा, वर तेल घाला, दादरा बांधा. ओला चमचा घालू नका. बुरशी येते ती कुणीतरी सारखं उघडून बघतं म्हणून.

रिले आणि सिग्नल

लोणच्याला माझा पाठिंबा. मी ज्या क्षेत्रात आहे तिथे एक ओळ बदलायची तर तपासणीला महिने जातात, आणि जायलाच हवेत. 'सतत बदल' काय करतो ते १९ जुलै २०२४ ला जगाने पाहिलं. क्राउडस्ट्राइकच्या सुरक्षा सॉफ्टवेअरची एक सदोष फाइल आपोआप गेली आणि सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रं निळ्या पडद्यावर अडकली. आपल्याकडच्या विमानतळांवर लोकांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. कंपनीने चूक लक्षात येताच तासा-दीड तासात ती फाइल मागे घेतली, पण जी यंत्रं पडली होती त्यांतल्या बहुतेकांपाशी माणसाला जाऊन बसावं लागलं.

आता बारक्या, तुमच्या शाम्पूबद्दल. रागावू नका, पण ही 'सातत्या'ची गोष्ट नाही, गचाळ कामाची आहे. १५ नोव्हेंबर २०१७ ला पावणेदोनशेच्या वर वस्तू २८ टक्क्यांवरून १८ वर आल्या होत्या. शाम्पू त्यातच होता! तुम्ही २०१८ मध्ये लिहायला बसलात तेव्हा दर बदलतात हे तुमच्या डोळ्यांसमोर घडून गेलं होतं. दराला 'कधीपासून' असा तारखेचा कॉलम लावणं ही पहिल्या दिवशीची गोष्ट. एकदाच, पण नीट केलं असतं तर सात वर्षं कुणाला हात लावावा लागला नसता.

बारक्या कोडर

रिले, वर्मावर बोट ठेवलंत. माहीत होतं. बैठकीत विषयही निघाला होता. वहीत लिहिलेलं अजून सापडेल: 'दर इतिहास – फेज टू'. त्या कॉलमला चार दिवस लागणार होते आणि डिलिव्हरी दसऱ्याला ठरलेली होती. फेज टू आलीच नाही. कशी येणार? टीमच उरली नव्हती.

म्हणून म्हणतो, गचाळपणा आणि प्रोजेक्टची पद्धत वेगळी काढता येत नाही. शेवटची तारीख असली की सगळी अवघड कामं तिच्या पलीकडे ढकलली जातात, आणि तिच्या पलीकडे कुणीच राहत नसतं.

छापखानावाले, ट्रेडलबद्दल एकच विचारतो. तेल कोण घालतं?

छापखानावाले, कराड

मी घालतो. फुकट. हाच तर फरक आहे.

केटी-बळी

'फेज टू' वाचून हसू आलं आणि मग रडू. मी एका मोठ्या कंपनीत 'सपोर्ट'ला आहे. म्हणजे ज्यांनी बांधलं ते गेले, की आम्ही येतो. मधे असते केटी, म्हणजे 'नॉलेज ट्रान्सफर', कामाची माहिती सोपवणं. चार दिवस, रोज दोन तास, मीटिंगचं रेकॉर्डिंग. बांधणारा स्क्रीन शेअर करून म्हणतो, "हे मॉड्यूल तसं सरळ आहे." जिथे सरळ नाही तिथे म्हणतो, "याला शक्यतो हात लावू नका." त्या रेकॉर्डिंगना आजवर किती जणांनी उघडलंय ते मी पाहिलंय: दोन. त्यातला एक मी.

तुम्ही विरजण-लोणचं करताय, पण खरा प्रश्न बढतीचा आहे. नवं बांधणाऱ्याला 'स्टार ऑफ द क्वार्टर'. वर्षभर काही पडू न देणाऱ्याला अप्रेझलमध्ये विचारतात, "बरं, पण तू या वर्षी केलंस काय?" बजेटचंही तेच. नवीन प्रणालीसाठी कोटींचा प्रस्ताव मंजूर होतो. आहे ती सांभाळायला दोन माणसं मागितली की फाइल फिरत राहते. मग पाच वर्षांनी 'जुनी प्रणाली निरुपयोगी झाली' म्हणून पुन्हा कोटींचा प्रस्ताव.

निवृत्त कोबोलीण

मुलांनो, जरा जुनी गोष्ट सांगते. आम्ही वायटूकेच्या, म्हणजे सन २००० लागण्याच्या, आधी दीड-दोन वर्षं अमेरिकेत एका बँकेचे प्रोग्रॅम तपासत होतो. सत्तरच्या दशकातलं, कोबोल या जुन्या प्रोग्रॅमिंग भाषेतलं. लिहिणाऱ्यांनी वर्षाचे दोनच आकडे ठेवले (म्हणजे १९०० आणि २००० दोन्ही '००'), कारण तेव्हा पंचकार्डावर ८० रकाने असत आणि साठवणुकीची जागा सोन्याच्या भावाची. ते मूर्ख नव्हते. आपलं लिहिलेलं २५ वर्षं चालेल हे त्यांच्या स्वप्नातही नव्हतं. टिकणाऱ्या सॉफ्टवेअरची हीच गंमत, ते आपल्या गृहीतकांपेक्षा जास्त जगतं.

मॅनी लेमन नावाचे संशोधक होते. आयबीएमच्या मोठ्या संगणकांची ओएस/३६० ही ऑपरेटिंग सिस्टिम कशी वाढत, गुंतत गेली ते पाहून त्यांनी नियम मांडले, आणि १९८० च्या लेखात प्रोग्रॅमचे तीन प्रकार केले. एका टोकाला असे, ज्यांचं काम गणितासारखं नेमकं सांगता येतं. प्रश्न बदलत नाही तोवर उत्तर बदलत नाही. दुसऱ्या टोकाला असे, जे माणसांच्या व्यवहारात मिसळलेले असतात. जग हललं की ते हलायलाच हवेत, नाहीतर वापरणाऱ्याला दिवसेंदिवस कमी उपयोगी वाटू लागतात. भांडाराचं बिलिंग दुसऱ्या टोकाचं. लोणचं पहिल्या. तुम्ही दोघं दोन वेगवेगळ्या बरण्यांवरून भांडताय.

बाकी वायटूकेचं श्रेय आम्हाला कुणी दिलं नाही. १ जानेवारीला काही मोठं झालं नाही, तेव्हा लोक म्हणाले, उगाच घाबरवलं.

अक्षरजुळारी

कोबोलीणबाईंच्या पहिल्या बरणीतलं उदाहरण देतो: टेक्. डोनाल्ड क्नूथ यांचं अक्षरजुळणीचं सॉफ्टवेअर. त्यांनी ते जाहीरपणे गोठवलं. आता फक्त चुकांची दुरुस्ती, तीही काही वर्षांतून एकदा, आणि प्रत्येक वेळी आवृत्तीच्या क्रमांकात 'पाय'चा एकेक अंक वाढतो. २०२१ मध्ये तो ३.१४१५९२६५३ झाला. आपल्यानंतर आकडा कायमचा पाय होईल आणि तेव्हा उरलेल्या चुका वैशिष्ट्यं समजाव्यात असं ते लिहून ठेवून बसलेत. छापखानावाल्यांनी फ्रेम करून लावावं असं.

पण, आणि हा 'पण' मी स्वतः भोगलाय, त्या गोठवलेल्या टेक्मध्ये मराठी सरळ टाइप होत नव्हतं. आधी रोमन अक्षरांत लिहायचं, मग प्रीप्रोसेसरमधून, म्हणजे आधी रूपांतर करणाऱ्या प्रोग्रॅममधून, काढायचं, तेव्हा देवनागरी उमटायची. युनिकोड, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना ठरलेले क्रमांक देणारी पद्धत, थेट घेणारं झीटेक् २००४ ला आलं तेव्हा सुटलो. ते दुसऱ्यांनी बांधलं, आणि ते सगळं एकत्र बांधून दर वर्षी नवी टेक्-लाइव्ह काढणारे तिसरेच. क्नूथना गोठवता आलं, कारण बाकीचे हलत राहिले.

छापखानावाले, तुमच्या जुन्या फायली कुठल्या फाँटमध्ये आहेत? युनिकोडच्या आधीच्या?

छापखानावाले, कराड

हो. एका खासगी फाँटमध्ये. मेलवर पाठवल्या की समोरच्याला 'गणपती'च्या जागी कंस आणि उद्गारचिन्हं दिसतात. दुखरी नस दाबू नका.

रिले आणि सिग्नल

मी एक कबूल करतो. आमच्याकडेही 'गोठवलेलं' म्हणजे बेवारस नव्हे. बदल नसला तरी माणूस असतो, लॉग, म्हणजे यंत्राने ठेवलेल्या नोंदी, वाचले जातात.

पण तुमच्या 'रोज विरजण लावा' मध्ये एक गोष्ट लपते: कोण लावणार? मार्च २०२४ मधलं एक्सझेडचं प्रकरण आठवा. जगभरच्या लिनक्स यंत्रांत असलेली फाइल आवळण्याची लायब्ररी (इतर प्रोग्रॅम वापरतात असा तयार कोड), सांभाळणारा मुख्यतः एकच माणूस, बिनपगारी. तो थकल्याचं स्वतः लिहीत होता. मदतीला एक 'हौशी' आला, दोन-अडीच वर्षं विश्वास कमावला आणि शेवटी कोडमध्ये चोरदरवाजा बसवून गेला. सापडलं कसं? आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागताना दिसला आणि ते त्याला सहन झालं नाही, म्हणून. ही सातत्याचीच साधना होती ना? एका माणसाच्या जिवावरची. यापेक्षा चोख करार, ठरलेली मुदत आणि पगारी टीम परवडली.

केटी-बळी

आणि त्या पगारी टीमची केटी मला द्या.

बारक्या कोडर

एक्सझेडवर माझ्याकडे उत्तर नाही. 'प्रोजेक्ट शब्द मोडीत काढा' हे मागे घेतो. शेवटची तारीख नसेल तर मीही तो कॉलम आजवर लांबवला असता. पण हस्तांतराच्या कागदावर 'यानंतर हे कोण बघणार' याची ओळ नसेल तर सही करणार नाही, एवढं मी माझ्यापुरतं ठरवलंय.

दरम्यान, भांडाराचं काम मी शनिवारी-रविवारी जाऊन करतोय. बिलाच्या प्रत्येक ओळीत दर, आणि मास्टरमध्ये 'कधीपासून'. २२ सप्टेंबरच्या आधीची बिलं जुन्या बॅकअपवरून भरतोय; एप्रिल २०२१ चा बॅकअप ज्या पेनड्राइव्हवर होता तो कुणीतरी गाणी भरायला वापरलाय. तेवढ्या महिन्याच्या कागदी पावत्या घेऊन बसलोय. त्या बाईंना २६ रुपये व्यवस्थापकांनी खिशातून दिले.

छापखानावाले, कराड

पेनड्राइव्हचं ऐकून बरं वाटलं, आमच्यासारखेच आहात. ते कंस आणि उद्गारचिन्हांच्या फायली युनिकोडमध्ये आणायचे काय घ्याल? अंदाजे अकराशे फायली आहेत. एकदाच काय ते सांगा, वार्षिक नको.